पाळणाघरात मुलाला काय शिकवता?

दीड वर्षाच्या मुलाला पाळणाघरात काय शिकवता, या प्रश्नाला माझं खरं उत्तर 'काही नाही' असं आहे. ते ऐकून समोरचे आईबाबा एकमेकांकडे बघतात. मग मी जरा सविस्तर सांगते. मांडी घालून जेवायला बसणं, परक्या घरात झोप लागणं, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं ओढलं की तो रडतो हे बघणं, आणि गेलेली आई संध्याकाळी येतेच यावर हळूहळू भरवसा बसणं. दीड वर्षाला एवढं पुष्कळ झालं. काहींना पटतं. काही जण "बघतो, कळवतो" म्हणून जिना उतरतात आणि पलीकडच्या गल्लीत, जिथे भिंतीवर जिराफ आहे आणि वेळापत्रकात फोनिक्स (इंग्रजी अक्षरांचे उच्चार) आहे, तिथे नाव घालतात.

मी पुण्यात कर्वेनगरात पाळणाघर चालवते, तेव्हा मी माझ्याच धंद्याची बाजू मांडते आहे असं वाटलं तर खुशाल वाटू द्या. सध्या एकही जागा रिकामी नाही, त्यामुळे निदान जाहिरात तरी समजू नका.

पाळणाघर बघायला गेलात की एसी, खेळणी, रंगीत खुर्च्या सगळं बघा. मग माझ्यासारख्या गोड बोलणाऱ्या मालकिणीला बाजूला ठेवा आणि आत मुलांचं नाक पुसणाऱ्या मावशींना विचारा, "इथे किती वर्षं आहात?" उत्तर "मागच्याच महिन्यात लागले" असं आलं, आणि दुसरीचंही तसंच आलं, तर जिराफ कितीही सुरेख असला तरी दुसरं पाळणाघर शोधा.

कारण इतकं लहान मूल संस्थेत रुळत नाही, माणसाशी रुळतं. दुपारी एकला आमच्याकडे जेवणं उरकलेली असतात, तोंडं पुसून झालेली असतात, पडदे ओढून गाद्या ओळीने घातलेल्या असतात. एक पठ्ठ्या मावशींच्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय झोपत नाही. एकीला आईची जुनी ओढणी लागते, आणि ती धुतलेली चालत नाही. एकाला थोपटायचं ते पाठीवर नाही, ढुंगणावर. लय चुकली की डोळे टक्क उघडे. प्रवेशाच्या फॉर्मवर यातलं काही लिहिलेलं नसतं. मावशींना ते हळूहळू कळत जातं आणि त्यांच्या अंगवळणी पडतं. त्या सोडून गेल्या की नव्या बाईला पहिल्यापासून सुरुवात, आणि त्या मुलालाही. दर तीन महिन्यांनी माणूस बदलणाऱ्या ठिकाणी मूल जे रडत असतं त्याला आपण 'अजून रुळला नाही' म्हणतो. रुळायचं कुणाशी?

झोपेचा विषय निघालाच आहे तर "दुपारी झोपवू नका हो, रात्री अकरापर्यंत जागतो" या विनंतीबद्दलही सांगते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते, त्यात दुपारची झोप धरलेली आहे. दुपारी न झोपलेलं मूल रात्री लवकर आणि शांत झोपेल असं वाटतं खरं, पण ते संध्याकाळी पाचपासून किरकिरं होतं आणि अति दमल्यामुळे रात्री आणखी त्रास देतं. फार उशिरापर्यंत झोपू देऊ नका म्हणालात तर ऐकू, तीनला उठवू. पण झोपवूच नका हे मी ऐकत नाही. रात्री अकराच्या जागरणात घरातल्या टीव्हीचा आणि बाबांच्या उशिरा येण्याचा वाटा किती, ते तुमचं तुम्ही बघा.

आता रडण्याचं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची झाली. त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात, म्हणजे रजा संपते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं. पुढे काही महिने आजी नाशिकहून किंवा सांगलीहून येऊन राहते. मग आजीचे गुडघे, नाहीतर आजोबांची आबाळ, आणि बाळ आमच्याकडे येतं ते साधारण दहा महिने ते दीड वर्षाच्या मध्ये. आई नजरेआड झाली की जीव कासावीस होण्याचा काळ नेमका हाच. आठ-नऊ महिन्यांच्या आसपास ते सुरू होतं आणि दीड वर्षापर्यंत जोरात असतं. आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे हे मुलाला कळायला लागलेलं असतं, पण 'सहा वाजता' म्हणजे काय ते कळत नसतं. म्हणून ते रडतं. रडावंच. पहिल्या दिवशी परक्या घरात शिरून आईकडे वळूनही न बघणारं दीड वर्षाचं मूल मला जास्त काळजीत टाकतं.

तेव्हा पहिले आठ-पंधरा दिवस रडारड होणार हे धरून चला, आणि त्यातले पहिले काही दिवस रजा टाका. पहिल्या दिवशी आईबरोबर तासभर, मग आई बाहेर पायरीवर आणि मूल आत, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. सोमवारी जॉइन व्हायचंय म्हणून सोमवारीच आणून सोडलं तर ते मुलावर आणि मावशींवर सारखाच अन्याय आहे. सोडताना सांगून जा. "झोपून उठलास, दूध प्यायलास, की आई आली" एवढं सांगा, पापा घ्या आणि निघा. गुपचूप सटकू नका. एकदा आई अशी नाहीशी झाली की मूल दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतं. आणि सांगून झाल्यावर पार्किंगमधल्या कारमागे उभं राहून कानोसा घेऊ नका. बाबालोक हे फार करतात. वरच्या खिडकीतून सगळं दिसतं. आईच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला की बहुतेकांचं रडं ओसरतं. कारमागे लपलेल्या बाबाचा मात्र मुलांना कसा कोण जाणे, वास लागतो.

सुट्टीनंतर, दिवाळीनंतर, तापातून उठल्यावर पुन्हा थोडं रडणं येतं. आणि एक गोष्ट आयांना फार लागते, ती म्हणजे दिवसभर हसतखेळत असलेलं पोर संध्याकाळी आईला दारात बघून भोकाड पसरतं. "दिवसभर असाच रडत होता का हो?" नाही. दिवसभर धरून ठेवलेलं हक्काच्या माणसापाशी सोडलं, इतकंच. तुम्हीही ऑफिसातला राग घरी येऊनच काढता ना?

आजारपण. पहिलं वर्ष सर्दी-खोकल्याचं जाणार, यातून कुणाचीच सुटका नाही. पावसाळ्यात हातापायावर आणि तोंडात फोड येणारा तो आजार एकाला आला की खोलीभर फिरतो. आमच्याकडे नियम एकच, ताप उतरून औषधाशिवाय चोवीस तास झाले की मूल आणायचं. आणि हा नियम कसा मोडला जातो तेही मला माहीत आहे. सकाळी आठला पॅरासिटामॉल पाजून, अंग गार असताना सोडून जायचं. त्या औषधाचा असर चार ते सहा तास. म्हणजे बाराच्या सुमाराला, वरणभात पुढ्यात असताना, पोर पुन्हा तापतं. मी फोन केला की पलीकडून "अय्या, सकाळी तर एकदम बरा होता!" मला त्या आईचा राग येतो आणि तिची कीवही येते, कारण तिची रजा संपलेली असते आणि मॅनेजर विचारत असतो. मुलाच्या तापासाठी बाबाने रजा घेतली असं मात्र अजून फार कमी ऐकते. (आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करावी, असा जो कायदा झाला त्यातसुद्धा दिवसातून चार वेळा मुलाला भेटून यायची मुभा बाईलाच दिलेली आहे. बापाने भेटायला जावं असं तो कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं.)

चावण्याबद्दल. एक ते तीन वर्षांची मुलं चावतात. बोलता येत नाही तेव्हा दात हाताशी असतात. तुमच्या मुलीच्या दंडावर वळ उठला तर आम्ही तो लपवणार नाही, कुणी चावलं ते मात्र सांगणार नाही. पुढच्या आठवड्यात तुमचीच मुलगी कुणालातरी चावणार आहे, तेव्हा हा नियम आवडेल.

कॅमेऱ्यावरून माझे बऱ्याच जणांशी वाद होतात. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच उघड झाली. त्यामुळे कॅमेरा हवा, रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं हवं, आणि शंका आली तर आईबापांना ते बघायला मिळायला हवं. पण चोवीस घरांच्या मोबाइलवर दिवसभर थेट चित्र मी देत नाही. त्या चित्रात फक्त तुमचं मूल नसतं. दुसऱ्यांची उघडी पोरं असतात, कुणाची शी धुतली जात असते, आणि ते कुणाच्या ऑफिसात कुठल्या स्क्रीनवर लागलेलं असेल ते मला ठाऊक नसतं. त्याऐवजी न सांगता या. दुपारी अडीचला या, सकाळी अकराला या. न सांगता आलेल्या आईला दारात ताटकळत ठेवणारं पाळणाघर असेल तर तिथे कॅमेरे कितीही असू देत.

आणि मुलं मोजा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस असा नियम आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी तो चारास एक होता, २०२३ मध्ये पाचास एक केला तर तिथल्या पालकांनी आरडाओरडा केला. माझ्या दारात आजवर कुणी मोजायला आलेलं नाही. मी चारामागे एक मावशी ठेवते ती माझ्या हिशोबाने. दहा मुलांमागे एक बाई असेल तर काय होतं, याचा साधा विचार करा. एकाला धुवून, पुसून, डायपर बदलायला पाच मिनिटं. तेवढा वेळ नऊ जणांकडे कुणाचं लक्ष नाही. एकेकाला भरवायला वीस मिनिटं. दहाव्याचा नंबर लागेपर्यंत भात थंड आणि पोर पेंगलेलं. मग बाई बिचारी काय करते? टीव्ही लावते. टीव्हीपुढे तोंडं आपोआप उघडतात, घास आत जातात. वर्षभराच्या मुलाला पडदा दाखवूच नका, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. पण दहा जणांमागे एकटीला उभं केलं तर तिला ते सांगण्यात काय अर्थ?

आणि इथेच फीचा विषय येतो. "शेजारच्या ठिकाणी दीड हजारांनी कमी आहे" असं मला नेहमी ऐकवतात. असेल. तो फरक बहुतेक वेळा मावशींच्या पगारातून आलेला असतो. सोसायट्यांमध्ये चार घरच्या पोळ्या-भांडी केली तर हातात पाळणाघरापेक्षा जास्त सुटतात आणि दुपारी मोकळं होता येतं. मग तिने दिवसभर दुसऱ्यांची पोरं काखेला मारून का बसावं? तिला थांबवायचं असेल तर पगार, सुट्टी, दिवाळी, आजारपण सगळं बघावं लागतं. ते फीमध्ये येतं. आणखी कुठून येणार?

आमच्या एका मावशींचं स्वतःचं मूल लहान होतं तेव्हा ते शेजारणीकडे असायचं. मोठं झाल्यावर अंगणवाडीत, पण अंगणवाडी दुपारपर्यंत सुटते, पुढचे चार-पाच तास थोरली बहीण सांभाळायची. ती तेव्हा स्वतःच दुसरीत होती. मी त्यांना म्हटलं, घेऊन या इथे. त्यावर एका पालकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "ते मूल आमच्या मुलांबरोबरच बसणार का?" हो, बसलं. त्याच गादीवर झोपलंही. त्या पालकांनी पुढच्या महिन्यात मुलाला काढलं आणि मीही थांबवलं नाही.

"मावशींना इंग्लिशमध्ये बोलायला सांगा" या मागणीचाही उल्लेख करून टाकते, कारण ती दर जूनला येते. आमच्या मावशी वेल्ह्याच्या. त्या 'चिऊ आली बघ, दाणा टिपाया लागली' असं बोलतात, दिवसभर बोलतात, आणि मुलं त्यांना उत्तरं देतात. दोन वर्षांच्या मुलाला भाषा यायला एवढंच लागतं, कुणीतरी त्याच्याकडे बघून बोलत राहणं. 'कम, सिट, ईट, नो' एवढ्या चार शब्दांवर दिवस काढणारी मावशी मला नको.

शेवटचं, न्यायला यायच्या वेळेबद्दल. आम्ही सातला बंद करतो. हिंजवडीहून निघालेला माणूस पावसात भूमकर चौकात अडकला तर त्याचा काही इलाज नसतो, हे मला कळतं. फोन करा, आम्ही थांबतो, मुलाला खिमट भरवून ठेवतो. उशिराचे जादा पैसे लावतो त्यावरून कुरकुर होते, म्हणून सांगते, ते पैसे माझ्याकडे येत नाहीत, थांबलेल्या मावशींना त्याच दिवशी रोख मिळतात. त्यांची साडेसातची बस गेली की पुढची कधी येईल याचा नेम नसतो आणि घरी त्यांचाही स्वयंपाक व्हायचा असतो. तेव्हा धावतपळत आलात की मला सॉरी म्हणू नका. त्या तिथे चपला घालून, पिशवी खांद्याला लावून, तुमच्या पोराला कडेवर घेऊन उभ्या असतात, त्यांना म्हणा.