मोक्तेसुमाने मुकुट काढून दिला नव्हता

“ॲझ्टेक सम्राट मोक्तेसुमाने गोऱ्या, दाढीवाल्या स्पॅनिश लोकांना देव समजून आपला मुकुट त्यांच्या स्वाधीन केला. अवघ्या पाचशे माणसांनी अख्खं साम्राज्य घशात घातलं. त्या भेकड राजाला शेवटी त्याच्याच प्रजेने दगड मारून संपवलं आणि एक संस्कृती कायमची पुसली गेली. पाहा, त्या वेळचं चित्र!” अशा आशयाचा मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. सोबत कधी फ्लोरेन्समधलं मोक्तेसुमाचं भालाधारी व्यक्तिचित्र असतं, तर कधी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधलं त्याच्या आणि स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या एर्नान कोर्तेस याच्या भेटीचं तैलचित्र.

या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे. आणि त्याचं खंडन करायला चित्रंच पुरेशी आहेत, फक्त ती कुणी काढली, कधी काढली आणि कुणाला दाखवायला काढली, एवढं आधी विचारावं लागतं.

“त्या वेळचं चित्र”

मोक्तेसुमा आणि कोर्तेस यांची भेट 8 नोव्हेंबर 1519 रोजी झाली. फ्लोरेन्सचं व्यक्तिचित्र सतराव्या शतकाच्या अखेरचं. ते अंतोनियो रोद्रिगेस या मेक्सिकोतल्या चित्रकाराचं मानलं जातं आणि मेदिची घराण्याच्या संग्रहात जाऊन पडलं. वॉशिंग्टनची आठ चित्रांची मालिकासुद्धा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. म्हणजे मधे दीडशे वर्षं गेलेली. ज्यांनी ही चित्रं काढली त्यांच्या पणजोबांनीही मोक्तेसुमाला पाहिलेलं असण्याचा संभव कमीच.

त्या काळी चित्रं काढली गेली नव्हती असंही नाही. 1519 च्या वसंतात कोर्तेस किनाऱ्यावर उतरला तेव्हा मोक्तेसुमाच्या अधिकाऱ्याने सोबत चित्रकार आणले होते. कोर्तेसचा चेहरा, जहाजं, घोडे, तोफा, सगळं कापडावर उतरवून तेनोच्तित्लान या राजधानीला (आजचं मेक्सिको शहर) धाडलं गेलं. हे कोर्तेसच्याच एका सैनिकाने, बेर्नाल दिआसने, लिहून ठेवलंय. त्यातलं एकही चित्र आज हाती नाही.

मोक्तेसुमाची स्वतःची म्हणावी अशी प्रतिमा मात्र आहे, आणि ती तैलरंगात नसून दगडात आहे. चापुल्तेपेक टेकडीच्या पायथ्याच्या खडकावर त्याने 1519 च्या सुमारास आपली आकृती कोरून घेतली. अठराव्या शतकात ती फोडण्यात आली. आता बाह्यरेषा आणि काही चिन्हं तेवढी उरली आहेत. मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात मंदिराच्या आकाराचा एक दगड आहे. त्याच्या मागच्या उभ्या भागावर मधोमध सूर्यचक्र, एका अंगाला हुइत्सिलोपोच्त्ली हा देव आणि दुसऱ्या अंगाला नावाच्या चिन्हासकट मोक्तेसुमा. सूर्याला तोललेला राजा! त्याला आपण कसं दिसायला हवं होतं याचा एवढा स्पष्ट पुरावा समोर असताना फिरतं ते मात्र दीडशे वर्षांनंतरचं तैलचित्र.

पिसांचा घागरा आणि मोठा तुरा

वेशभूषेचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण सगळी गडबड इथूनच सुरू होते. युरोपीय कलेत अमेरिकेतला माणूस म्हटला की कमरेला पिसांचा घागरा ठरलेला. तो आला ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या चित्रांमधून. 1505 च्या आसपासच जर्मनीत तसं लाकडी ठशाचं चित्र छापलं गेलं होतं, म्हणजे कोर्तेस मेक्सिकोला पोचण्याच्या कितीतरी आधी. पुढे अमेरिकेत पाऊलही न ठेवलेल्या खोदचित्रकारांनी तोच घागरा सरसकट सगळ्यांना नेसवला.

आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेली मेंदोसा पोथी पाहा. 1541 च्या सुमाराची, स्थानिक नाहुआ (ॲझ्टेकांची नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या) चित्रकारांनी काढलेली. तिच्यात मोक्तेसुमाच्या वाड्याचं एक पान आहे. वरच्या दालनात तो चटईवर बसलाय. अंगावर खांद्याशी गाठ मारलेलं वस्त्र, कपाळावर पिरोजाची टोकदार पट्टी. मुकुट नाही, सिंहासन नाही, पिसांचा घागरा तर नाहीच. खालच्या मजल्यावर न्यायाधीश बसलेत, बाहेर दाद मागायला आलेली माणसं आहेत, आणि दोस्त राजांनी येऊन उतरायच्या खोल्यासुद्धा दाखवल्यात. हा एका चालत्या राज्याच्या कारभाराचा आराखडाच आहे. मला या पानापुढे ती तैलचित्रं फार पोकळ वाटतात.

व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या क्वेत्झाल पक्ष्याच्या हिरव्या पिसांच्या भव्य शिरोभूषणालाही “मोक्तेसुमाचा मुकुट” म्हणतात. वस्तू अस्सल आहे, ॲझ्टेक कारागिरीचा अप्रतिम नमुना आहे, पण ती मोक्तेसुमाने घातली याला काडीचा पुरावा नाही. 1596 च्या ऑस्ट्रियन यादीत तिची नोंद चक्क “मूर लोकांची टोपी” अशी आहे. मोक्तेसुमाचं नाव तिला फार नंतर चिकटलं.

“देव समजून…”

हा दाव्याचा गाभा, म्हणून जरा सविस्तर.

क्वेत्झालकोआत्ल हा देव पूर्वेकडून परत येणार होता आणि कोर्तेस म्हणजे तोच, असं मोक्तेसुमाला वाटलं, ही कथा. कोर्तेसने स्पेनच्या राजाला लांबलचक पत्रं लिहिली. भेटीचा वृत्तांत असलेलं पत्र 30 ऑक्टोबर 1520 चं आहे. आपण देव ठरलो असतो तर ते राजाला सांगायची एवढी मोठी संधी त्याने सोडली असती? पत्रात क्वेत्झालकोआत्लचं नावही नाही. मोक्तेसुमाच्या तोंडी एक भाषण आहे खरं. त्यात पूर्वजांच्या एका पूर्वेला गेलेल्या सरदाराची गोष्ट येते आणि मोक्तेसुमा स्पेनच्या राजाला त्याचा वारस मानतो. ते भाषण जसंच्या तसं झालं असेल यावर माझा विश्वास नाही, कारण मोक्तेसुमा आपण होऊन मांडलिक झाला हे दाखवण्यात कोर्तेसचा कायदेशीर फायदा होता. एकदा तसं दाखवलं की पुढची लढाई बंड मोडण्यात जमा होते. पण त्याच पत्रात मोक्तेसुमा वस्त्र बाजूला सारून स्वतःचं अंग दाखवतो आणि म्हणतो, मीही तुमच्यासारखाच हाडामांसाचा आहे. देव आणि माणूस यांची गल्लत करणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य बसत नाही.

कोर्तेसला क्वेत्झालकोआत्लशी जोडणारं लिखाण दिसू लागतं ते 1540 च्या दशकात, फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांच्या वर्तुळात. दैवी योजनेनेच हा प्रदेश ख्रिस्ताकडे आला, हे त्यांना मांडायचं होतं.

मग फ्लोरेन्स पोथीचं काय, असा प्रतिप्रश्न येतो आणि तो रास्त आहे. बेर्नार्दिनो दे साआगून या धर्मोपदेशकाने नाहुआ विद्वानांकडून करवून घेतलेल्या या बारा भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग स्पॅनिश आक्रमणाचा आहे. त्यात अपशकुन आहेत, घाबरलेला मोक्तेसुमा आहे, आणि त्याचे दूत कोर्तेसला जहाजावर देवाची भूषणं चढवतानाचं चित्रही आहे. पण ग्रंथ पुरा झाला 1570 च्या दशकात. सांगणारे मुख्यतः त्लातेलोल्कोचे. हे शहर मोक्तेसुमाच्या तेनोच्तित्लानने 1473 मध्ये लढून खालसा केलं होतं, आणि पराभवाचं खापर तेनोच्तित्लानच्या राजावर फुटलं तर त्लातेलोल्कोच्या म्हाताऱ्यांना वाईट वाटायचं कारण नव्हतं. लिहिणारे विद्वान फ्रान्सिस्कनांच्याच शाळेत शिकलेले. शिवाय पुढचंच चित्र कुणी फिरवत नाही: भूषणं घेऊन आलेल्या त्या दूतांनाच स्पॅनिश लोक बेड्या घालतात आणि तोफ उडवून दाखवतात.

“मुकुट स्वाधीन केला”

भेटीत काय घडलं ते कोर्तेसच्या पत्रातूनच वाचावं. मोक्तेसुमा दोन सरदारांच्या मधून चालत आला. ते अनवाणी होते, तो एकटा पायताण घालून. कोर्तेस त्याला मिठी मारायला पुढे झाला तर त्या दोघांनी हाताने अडवलं, राजाच्या अंगाला हात लावायचा नाही म्हणून. कोर्तेसने काचमण्यांची माळ त्याच्या गळ्यात घातली. थोड्या वेळाने मोक्तेसुमाने दोन माळा मागवल्या, तांबड्या शिंपल्यांच्या, प्रत्येकीला सोन्याच्या आठ कोळंब्या लटकवलेल्या, एकेक जवळपास वीतभर लांब, आणि कोर्तेसच्या गळ्यात घातल्या. यजमान राजाने परक्या दूताचा मान राखला, तोही त्याच्या देणगीला वरचढ ठरेल अशा देणगीने. मुकुट कुठेच नाही. युरोपीय घाटाचे मुकुट आले ते वसाहतकाळातल्या चित्रकारांच्या कुंचल्यातून. राज्य रीतसर, राजीखुशीने हस्तांतरित झालं असं भिंतीवर टांगलेलं पाहणं मेक्सिकोतल्या स्पॅनिश सत्ताधाऱ्यांना हवं होतं.

त्यानंतर आठवड्याभरातच कोर्तेसने पाहुणचार करणाऱ्या राजाला ताब्यात घेतलं, असं तोच लिहितो.

“प्रजेने दगड मारून संपवलं”

मे 1520 मध्ये कोर्तेसचा हाताखालचा सरदार पेद्रो दे आल्वारादो याने तोश्कात्लच्या उत्सवात नाचणाऱ्या नि:शस्त्र माणसांची मुख्य मंदिराच्या आवारात कत्तल केली आणि शहर पेटून उठलं. जूनच्या अखेरीस मोक्तेसुमा मेला. स्पॅनिश बाजू म्हणते, तो गच्चीवरून लोकांना शांत करायला गेला, डोक्याला दगड लागला आणि तीन दिवसांनी वारला.

दुसरी बाजू चित्रांत आहे. मोक्तेसुमा पोथी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोळाव्या शतकातल्या चित्रपट्टात त्याच्या गळ्यात दोर आहे आणि दोराचं टोक स्पॅनिश माणसाच्या हाती. फ्लोरेन्स पोथीतल्या चित्रात दोन स्पॅनिश शिपाई त्याचं आणि त्लातेलोल्कोचा अधिपती इत्स्क्वाउत्सिन याचं प्रेत पाण्याकडे टाकताहेत.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती दिएगो दुरानची साक्ष. हा डॉमिनिकन धर्मोपदेशक, स्पॅनिशच. 1581 मध्ये इतिहास लिहून पुरा करताना तो सांगतो की एका जुन्या स्थानिक चित्रात आपण मोक्तेसुमाला पायात साखळदंड घातलेला पाहिला. एकाही विजेत्याने हे कबूल केलेलं नाही म्हणून त्याला ते पटेना. पण हे विजेते याहून उघड गोष्टीही नाकारतात, तेव्हा हीही नाकारतील, असं तोच पुढे जोडतो. मोक्तेसुमा छातीवर सुऱ्याच्या पाच जखमा होऊन मेलेला सापडला, ही स्थानिकांची हकीकतही त्याने नोंदवली. दगड की सुरा, हा वाद आजही मिटलेला नाही. ज्यांच्या कैदेत तो मेला त्यांचं एकट्याचं म्हणणं निकाल म्हणून खपवणं मात्र साफ चूक आहे.

“अवघ्या पाचशे माणसांनी”

हे थोडक्यात. 1552 च्या सुमारास ॲझ्टेकांचं वैरी असलेल्या त्लाश्काला राज्याने कापडावर एक भलामोठा चित्रपट्ट रंगवून घेतला. मूळ हरवलं, पण नकला आहेत. त्यात लढाईमागून लढाईत स्पॅनिश घोडेस्वारांच्या बरोबरीने, पाठीवर निशाणं बांधलेले त्लाश्कालाचे योद्धे लढताहेत, आणि मधोमध मालिन्त्सिन ही दुभाषी, कित्येकदा कोर्तेसइतकीच ठळक. हेही चित्र निरागस नाही. सप्टेंबर 1519 मध्ये त्लाश्कालाने आधी स्पॅनिशांशी कडवी झुंज दिली होती, ती त्यात पार गाळलीय. आपण पहिल्यापासून स्पेनच्या राजाचे इमानी मित्र, तेव्हा करात सूट द्या, हा त्याचा रोख. पण लढायला कोण होतं याबद्दल ते खोटं बोलत नाही. 1521 च्या वेढ्यात नऊशेच्या आसपास स्पॅनिश होते आणि त्यांच्याभोवती त्लाश्काला, तेश्कोको वगैरे राज्यांचे हजारो, कदाचित लाखभर सैनिक. सरोवरातली तेरा गलबतं त्लाश्कालात तयार करून सुटी सुटी डोक्या-खांद्यांवर वाहून आणली ती याच लोकांनी. त्यात देवी रोगाची साथ. मोक्तेसुमाच्या मागून गादीवर आलेला क्वित्लावाक त्या रोगानेच गेला. त्यानंतरच्या क्वाउतेमोकने 13 ऑगस्ट 1521 पर्यंत शहर लढवलं.

“संस्कृती कायमची पुसली गेली”

वर सांगितलेल्या पोथ्या आणि चित्रपट्ट पाडावानंतर वीस ते साठ वर्षांत नाहुआ चित्रकारांनी काढलेत. मोक्तेसुमाच्या मुलीला, इसाबेलला, 1526 मध्ये ताकूबाची जहागीर मिळाली आणि तिचे वारस स्पॅनिश न्यायालयांत आपल्या हक्कांसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडले. नाहुआत्ल आजही मेक्सिकोत पंधरा लाखांहून अधिक लोक बोलतात. आणि स्पेनच्या राजाला चित्र पाठवण्याचा विषय 1552 मध्ये त्लाश्कालाच्या नगरपरिषदेत चर्चेला आला, त्या सभेचं इतिवृत्त नाहुआत्लमध्येच लिहिलेलं आहे. तेही टिकलंय आणि वाचता येतं.