‘शनिवारवाड्’ वर आणि ‘याजवळ’ खाली

अरे काय चाललंय काय! परवा सोसायटीच्या ॲपवर नोटीस आली, त्यात ‘शनिवारवाड्याजवळ’ हा शब्द मधेच तुटून ‘शनिवारवाड्’ वरच्या ओळीत नि ‘याजवळ’ खालच्या, तो ड पाय मोडून तसाच लटकलेला, आणि हे रोजचंच झालंय, कुठे ‘स्’ वर नि ‘वारगेट’ खाली, कुठे ‘रु.’ इकडे नि आकडा तिकडे. आमच्या पेठेतला पाटी रंगवणारा पेंटरसुद्धा जागा संपली तर अक्षरं बारीक करतो पण जोडाक्षर तोडत नाही!

बरं, अवघड आहे म्हणावं तर तसंही नाही. थाईमधे शब्दांच्या मधे स्पेसच नसते, तिथे बिचाऱ्या सॉफ्टवेअरला डिक्शनरी बघून ओळ तोडावी लागते. जपानीत जवळजवळ कुठेही तोडा, फक्त पूर्णविरामासारखी काही चिन्हं ओळीच्या सुरुवातीला नकोत. मराठीत सरळ स्पेस असते हो, तिथे तोडा की! पण नाही, कुणीतरी मजकूर चौकटीत मावावा म्हणून सीएसएसमधे (वेबपेजची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधे) ‘ब्रेक-ऑल’ टाकतो, म्हणजे शब्द कुठल्याही अक्षरापाशी तोडायची मुभा, इंग्रजीत टेस्ट करतो आणि घरी जातो.

युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्या कंप्युटरवर लिहायच्या मानकाचा, ओळी तोडायचा अख्खा नियमसंच आहे, नाव यूएएक्स १४, फुकट वाचायला मिळतो. मजकुराचे अक्षर-अक्षर तुकडे कुठे पाडायचे त्याचा वेगळा, यूएएक्स २९, आणि त्यात देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला कधी, तर युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे थेट २०२३ ला! तोवर हलन्तानंतर (पाय मोडलेल्या अक्षरानंतर) तोडलेलं त्या नियमात बसत होतं, घ्या. आता आलाय ना, मग हे नियम राबवणारी सॉफ्टवेअरमधली लायब्ररी अपडेट करा की, आणि ‘रु.’ नंतर एक नो-ब्रेक स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी) टाकायला काय हात दुखतात का?