‘विष बाहेर पडत आहे’ म्हणणाऱ्या संदेशास उत्तर

‘शुगर आणि डिप्रेशन, दोघांचे मूळ पोटात’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आमच्या नात्यागोत्याच्या ग्रुपवर तो तीन वेगवेगळ्या जणांनी टाकला आणि तिन्ही वेळा त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : नैराश्य हा आजारच नसून साखरेने मेंदूवर चढवलेला गंज आहे, मानसोपचाराच्या गोळ्यांमुळेच रक्तातली साखर वाढते, म्हणून त्या प्रथम बंद कराव्यात, त्यानंतर २१ दिवस सूर्यास्तापूर्वी एकदाच जेवावे, साखरेऐवजी गूळ आणि मध वापरावा, पहाटे मेथीचे पाणी आणि कारल्याचा रस घ्यावा, म्हणजे प्रीडायबेटिस (साखर वाढलेली, पण अजून मधुमेह नाही, अशी अवस्था) मुळापासून जातो, आणि एवढे करूनही ज्याला गुण येणार नाही, त्याची इच्छाशक्तीच कमकुवत समजावी.

असले संदेश मी एरवी वाचत नाही. हा वाचावा लागला, कारण तो माझ्या मावशीने वाचला होता आणि अमलातही आणला होता. मावशी ५७ वर्षांची आहे, काका गेल्यापासून साताऱ्यात एकटी राहते, दीड वर्षापासून नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅमची गोळी घेते. दिवाळीनंतरच्या तपासणीत तिची एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा टप्पा प्रीडायबेटिसचा मानतात. डॉक्टरांनी साखरेची गोळी दिली नाही. जेवणात बदल करा, रोज चाला आणि तीन महिन्यांनी या, असे सांगितले. हा सल्ला अगदी बरोबर होता, पण त्यात चमत्कार नव्हता. चमत्कार त्याच आठवड्यात फोनवर येऊन पडला.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात येत होती. फ्रिजवरच्या डब्यात गोळ्यांचे पाकीट होते, दहांपैकी चार जागा रिकाम्या आणि सहा गोळ्या जशाच्या तशा. विचारले तर म्हणाली, “अगं, बंद केल्यात मी. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतंय, पण त्यात लिहिलंच आहे ना, सुरुवातीला त्रास होतो म्हणून.” खरोखरच लिहिले होते. मूळ वाक्य असे : ‘गोळ्या सोडल्यावर चक्कर, मळमळ, घबराट, निद्रानाश जाणवला तर आनंद माना, शरीरातले विष बाहेर पडत आहे.’

बाकीचा संदेश अडाणीपणाचा आहे म्हणून सोडून देता येईल, पण या एका वाक्याला क्षमा नाही, कारण धोक्याची घंटाच शुभशकुन म्हणून खपवण्याची युक्ती त्यात आहे. एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या देवाणघेवाणीवर काम करतात आणि महिनोन्‌महिने गोळी चालू असली की मेंदू त्या पातळीशी जुळवून घेतो. गोळी एकाएकी थांबवली की बहुधा दोन-चार दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, भलतीसलती स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना सुरू होऊ शकते. ही लक्षणे मानसोपचारतज्ज्ञांना चांगली ठाऊक आहेत, आणि म्हणूनच गोळी थांबवायची वेळ येते तेव्हा ते मात्रा टप्प्याटप्प्याने, कित्येक आठवडे आणि काहींच्या बाबतीत कित्येक महिने घेऊन उतरवतात. मावशीच्या डोक्यात चमकत होती ती हीच वीज. यात विष कुठले आणि ते बाहेर कोणत्या वाटेने पडते, हे संदेशकर्त्याने सांगितलेले नाही.

त्याहून वाईट भाग पुढे असतो. चक्कर काही दिवसांनी थांबू शकते, आणि माणसाला वाटते की जिंकलो. मूळ आजार मात्र त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने परततो. तोवर संदेश कोणी पाठवला होता हेही कोणाला आठवत नाही. काही जणांच्या मनात अशा वेळी जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. ज्यांनी कोणी हे वाचून गोळी थांबवली असेल, त्यांनी आज आपल्या डॉक्टरांना फोन करावा, पुन्हा कशी आणि किती सुरू करायची हेही त्यांनाच विचारावे. डॉक्टर हाताशी नसतील किंवा मन फारच खचले असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करते. मानसोपचारातील काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, हे खरे आहे. मिर्टाझापिन, पॅरॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांनी वजन वाढू शकते. ओलान्झापिन आणि क्वेटियापिन यांच्यामुळे साखरेवर परिणाम होतो म्हणून ती घेणाऱ्यांची साखर, वजन आणि चरबी ठरावीक अंतराने तपासण्याची पद्धतच आहे. पण याचा अर्थ एवढाच की ‘माझी साखर काठावर आली आहे’ हे मानसोपचारतज्ज्ञाला सांगायला हवे, म्हणजे तो औषध बदलून पाहू शकतो, मात्रा पाहू शकतो किंवा साखरेवर लक्ष ठेवून तेच चालू ठेवू शकतो. आपल्याकडे मनाच्या डॉक्टरला साखर सांगत नाहीत आणि साखरेच्या डॉक्टरला मनाची गोळी सांगत नाहीत. मावशीनेही सांगितली नव्हती. शिवाय नुसते नैराश्य असले तरी टाइप २ मधुमेहाचा धोका वाढतो आणि मधुमेह असला तर नैराश्याचा, अशी ही दुहेरी वाट आहे. झोप बिघडते, चालणे थांबते, जेवणाऐवजी चहा-खारीवर रात्र काढली जाते. मनाचा उपचार सोडून साखर सुधारायला निघणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

आहाराने नैराश्य जाते, हे ‘परदेशी संशोधनाने सिद्ध’ झाल्याचे संदेशात ठोकून दिले आहे. संशोधनाचे नाव नाही, पण बहुधा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ‘स्माइल्स’ चाचणीची ही ऐकीव आवृत्ती असावी. तीत नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी निम्म्यांना १२ आठवडे भाज्या, कडधान्ये, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार आहारतज्ज्ञाच्या मदतीने दिला, आणि त्या गटातील सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, तर नुसत्या गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. निष्कर्ष आशा वाटावी असाच आहे. मात्र चाचणी लहान होती आणि त्यातील बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन आधीपासून चालू होते. आहार त्याच्या जोडीला दिला होता. जोडीला दिलेली गोष्ट बदली म्हणून सांगणे ही सरळसरळ लबाडी आहे.

प्रीडायबेटिस आहाराने आटोक्यात येतो का? येतो, आणि त्यासाठी परदेशात जायचीही गरज नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी केलेला ‘इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ २००६ साली ‘डायबेटॉलॉजिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साखर काठावर असलेली ५३१ भारतीय माणसे त्यात होती. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांचा आहार आणि चालणे नीट बांधून दिले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. बांधून दिले म्हणजे काय, तर साखर टाळणे, मैदा आणि तेल-तूप कमी करणे, चोथ्याचे पदार्थ वाढवणे आणि बैठे काम असणाऱ्यांनी रोज निदान अर्धा तास झपाझप चालणे. उपवास नाही, रस नाही. वजन तर फारसे उतरलेही नाही, तरी फायदा झाला. या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट : भाग घेणाऱ्यांना दर महिन्याला कोणीतरी फोन करत होते.

तेव्हा ‘२१ दिवसांत मुळापासून’ याचे उत्तर ‘तीन वर्षे, आणि तरीही शंभरांतल्या ३९ जणांना झालाच’ असे आहे. खुद्द एचबीएवनसी ज्या तांबड्या पेशींवर मोजतात त्यांचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, त्यामुळे २१ दिवसांनी तपासून त्यात पूर्ण चित्र दिसणारच नाही. (लोहाच्या कमतरतेने अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा खोटाच थोडा वर जाऊ शकतो, बायकांनी हिमोग्लोबिन सोबत तपासून घेतलेले बरे.) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीने देशात १३ कोटी ६० लाख लोक प्रीडायबेटिसमध्ये असल्याचा अंदाज दिला आहे. संदेशाला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

गूळ आणि मधाविषयी फार लिहायला नको. गूळ ही बहुतांश साखरच आहे, मध ग्लुकोज आणि फ्रुक्टोजने भरलेला आहे, आणि रक्ताला त्यांचे सात्त्विकपण कळत नाही. मावशी दिवसाला पाच कप चहा घेते, कपाला दोन लहान चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. तिने तेवढाच गूळ घालायला सुरुवात केली होती. मेथीत विरघळणारा चोथा असतो, त्याने साखर किंचित उतरल्याचे लहान अभ्यास आहेत, कारल्याचा पुरावा त्याहून दुबळा आहे. पी हळद आणि हो गोरी, एवढेच.

एकदाच जेवण्याबद्दल मात्र थांबावे लागते. दिवसभर चरत राहण्याची सवय मोडून ठरावीक वेळी जेवल्याने महाराष्ट्रात अनेकांचे वजन उतरले आहे, आणि धडधाकट माणसाने डॉक्टरांना विचारून तसे केले तर माझी हरकत नाही. पण नैराश्यात काहींची भूक मरते आणि काहींची रात्री अकराला डबे उघडायला लावते. पहिल्याला एकदाच जेवायला सांगितले की तो एकदाही जेवत नाही. दुसऱ्याची एकादशी दुप्पट खाशी होते. मावशीने पहिले चार दिवस दुपारी एकदा जेवून काढले, आणि पाचव्या दिवशी उपवासच आहे म्हणून साबुदाण्याची खिचडी केली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

राहता राहिली इच्छाशक्ती. मला सर्वांत संताप या कलमाचा आला, कारण ते वाचून मावशी दोन दिवस रडली होती. नैराश्यात माणूस आळशी होत नाही. कूकर लावणे, निथळून ठेवलेली पालेभाजी निवडणे, चपला घालून जिना उतरणे, यांतली प्रत्येक गोष्ट डोंगराएवढी होते. (शाकाहारी घरात अशा थकव्यामागे बी-१२ ची कमतरताही असू शकते, ती एका तपासणीत कळते.) म्हणून अशा माणसाचे पथ्य त्याच्या सर्वांत वाईट दिवसाला जमेल असे हवे. आम्ही दोघींनी मिळून ठरवले ते असे : रविवारी जरा बरे वाटत असेल तेव्हा मटकी आणि मूग भिजवून मोड आणायचे आणि डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. ताटात उसळ दुप्पट, भाकरी एक, भात अर्धी वाटी. ज्वारीची म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर पिष्ट तेवढेच पोटात जाते. भाजी निवडवत नसेल त्या दिवशी काकडी किंवा मुळा, आधी तो खायचा आणि मग बाकीचे. काहीच करवत नसेल तर दोन उकडलेली अंडी, किंवा ताक, मूठभर फुटाणे आणि एक टोमॅटो, आणि हे जेवण झाले असे धरायचे, अपराधी वाटून घ्यायचे नाही. चहा तीन कप, चमचा एक. जेवल्यावर दहा मिनिटे घरातल्या घरात किंवा गच्चीवर चालायचे, कारण जेवणानंतरची साखर त्यानेही उतरते.

मानसोपचारतज्ज्ञांनी तिची गोळी पुन्हा सुरू केली आणि आठवडाभरात चक्कर थांबली. मी रोज संध्याकाळी सातला फोन करते. कधी ती उचलते, कधी नुसता ‘जेवले’ एवढा संदेश टाकते. मेथीचे पाणी ती अजून घेते, ते मी बंद करायला सांगितलेले नाही. या आठवड्यात ती दोनच दिवस चालली. तपासणी पुढच्या महिन्यात आहे.