घेण्यास नकार, सबब परत

आमच्या सोसायटीत कुणाला कलिंगड घ्यायचं असलं की आधी मला खाली बोलावतात. मी दोन टिचक्या मारतो, कान लावतो आणि निकाल देतो. आंब्याचं तर विचारूच नका. जन्म देवगड तालुक्यातला. देठाशी नाक नेलं की हापूस आढीत किती दिवस होता ते सांगतो. आतला साका तेवढा कळत नाही, पण तो देवालाही कळत नसावा. सदतीस वर्षं पोस्टात काढली, पोस्टमन म्हणून लागलो, डोंबिवलीत सबपोस्टमास्तर होऊन निवृत्त झालो. तरी घरात माझा जो काही मान आहे तो फळांमुळे. आहे म्हणजे, होता.

नात सहा महिन्यांची झाली आणि उष्टावणाचा विषय निघाला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणजे सातव्यात. डॉक्टरांचंही म्हणणं तेच, सहा महिने पुरे झाल्यावर वरचं अन्न सुरू करा. पंचांग आणि डॉक्टर यांचं आमच्या घरात एकमत झालेला हा पहिला आणि शेवटचा मुद्दा. चांदीची वाटी निघाली, खीर झाली, हिने मधाचं बोट चाटवायला पुढे केलं आणि सूनबाईंनी ते हवेतच धरलं. "आई, मध वर्षापर्यंत नाही. मीठ, साखर पण नाही." ही माझ्याकडे बघायला लागली. मी पंख्याकडे.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. एक नवा पदार्थ, मग तीन दिवस वाट बघायची, पुरळ-बिरळ आलं तर कशाने आलं ते कळावं म्हणून. मुगाच्या डाळीचं पाणी, मऊ भात, नाचणीचं सत्त्व, दुधी, असं ओळीने सरळ चाललं होतं आणि खाली एका चौकोनात लिहिलं होतं: ॲव्होकाडो.

"काढा?" हिने चष्मा वर करून विचारलं. "एवढ्या लहान पोरीला कसला काढा?"

"काढा नाही हो आई. फळ आहे. लोण्यासारखं मऊ असतं. मेंदूच्या वाढीला चांगलं, त्यात चरबी असते."

"चरबी तुपात पण असते."

मृण्मयी थांबली. खरं म्हणजे तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते तिने मान्यही केलं, ही तिची खासियत. "असते. तूप घालतोच आहोत आपण भातात. पण हेही देऊन बघू ना." हिने "बघा बापडे" म्हटलं आणि तेव्हापासून त्या फळाचं नाव आमच्याकडे काढाच पडलं.

काढा आणायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. फळं बाबांनाच कळतात.

स्टेशनजवळच्या नेहमीच्या फळवाल्याकडे नव्हता. मग एसीच्या दुकानात गेलो, जिथे प्रत्येक फळाला कुंकवासारखं स्टिकर लावलेलं असतं. एका नगाचे एकशे ऐंशी. त्या पैशात तीन किलो नाचणी येते, पण हे घरी बोललो नाही. फळ हातात घेतलं. देठाशी नाक नेलं. वास नाही. टिचकी मारली. आवाज नाही. रंग हिरवा, पण हिरवा म्हणजे कच्चा की हिरवा म्हणजे हिरवा, काही समजेना. शेवटी अंगठ्याने जरा दाबून पाहिलं, तर दुकानातला पोरगा धावत आला. "काका, दाबू नका." उभ्या आयुष्यात मला फळवाल्याने असं बोललेलं नाही. पूर्वी फळवालेच मला दाबून दाखवायचे.

घरी आल्यावर मुलाने मोबाइलवर वाचून माहिती दिली. हे फळ झाडावर असेतो पिकतच नाही. महिनोन्‌महिने लटकून राहतं आणि तोडल्यावरच मऊ व्हायला लागतं. आमच्या खात्यात असे दोन-तीन साहेब होते, निवृत्त झाल्यावर मऊ झालेले. त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. पिकवायचं कसं, एवढं विचारलं. केळ्याबरोबर ठेवा, म्हणाला, केळ्यातून वायू निघतो त्याने लवकर पिकतं. हे मात्र माझ्या खात्यातलं निघालं! तांदळाच्या डब्यात फळ पुरलं, शेजारी दोन केळी ठेवली आणि आढी लावल्याच्या थाटात हात झाडले.

पहिला दिवस दगड. दुसरा दगड. तिसऱ्या दिवशी दगड, पण केळी काळी. चौथ्या दिवशी धीर सुटला आणि कापला. आतून रबर. पाचवा दिवस बघायला तो उरला नाही. दुसरा आणला तेव्हा ठरवलं, घाई करायची नाही. सहा दिवस थांबलो. कापला तर आत काळे दोरे आणि जुन्या गोडेतेलाचा वास. म्हणजे पाचव्या दिवशी रात्री केव्हातरी तो पिकला असणार, आम्ही झोपलेले असताना, आणि उजाडेपर्यंत गेलासुद्धा असणार.

तिसऱ्यापासून मी रात्री उठायला लागलो. पाणी प्यायला म्हणून जायचं आणि डब्यात हात घालून अंगठ्याने चाचपायचं. एकदा ही मागे येऊन उभी. "अहो, रात्री दोन वाजता तांदळात काय शोधताय?" खरं सांगितलं. "नाडी लागतेय का?" म्हणाली आणि झोपायला गेली.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, पिकला की हा काळा पडतो, रंगावरूनच ओळखायचं. झालं, मला किल्ली सापडली. पावसाळा होता, बाजारात कूर्गकडून येणारा मोठा, गुळगुळीत, स्वस्त काढा मिळायला लागला होता. तिकडे त्याला बटरफ्रूट म्हणतात. दोन आणले आणि काळे पडायची वाट बघत बसलो. ते पडले नाहीत. हिरवेगार राहिले आणि एका सकाळी उचलायला गेलो तर बोटं आत गेली. ही जात पिकली तरी हिरवीच राहते. काळी पडते ती दुसरी, खरखरीत सालीची, स्टिकरवाली. त्या दिवशी मी सोसायटीच्या फाटकातून मान खाली घालून आत आलो. वॉचमन विचारत होता, काका, कलिंगडं आलीत, बघता का. मी म्हटलं, आज नको.

एकदाचा एक जमला. रविवार, सकाळी साडेदहा, सालीला अंगठा लावला तर कान दाबल्यासारखं वाटलं. घरात धावपळ. मृण्मयीने काट्याने कुस्करून, दूध घालून सैल केला. रंग पोपटी, दिसायला खरंच सुरेख. पण बाईसाहेब नुकत्याच पिऊन झोपल्या होत्या. फळ पिकायची वेळ आणि पोरीला भूक लागायची वेळ, यांचा मुहूर्त पंचांगात काढलेला नसतो. ती उठेपर्यंत पोपटी रंगाचा तपकिरी झाला होता.

शेवटी पहिला चमचा तोंडात गेला तो पुढच्या बुधवारी. ठमीने तो घेतला. थांबली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नोकरीत फक्त एकदा पाहिलंय, एका गृहस्थाला शेजाऱ्याची कोर्टाची नोटीस चुकून दिली होती तेव्हा. आणि जीभ सावकाश बाहेर आली, त्यावर तो पोपटी गोळा जसाच्या तसा. एक अक्षर न बदलता. आमच्याकडे अशा टपालावर शेरा मारत असू: घेण्यास नकार, सबब परत.

"लहान बाळांची जीभ असं ढकलतेच," मृण्मयी म्हणाली, "आठ-दहा वेळा द्यावं लागतं. कधी जास्तच."

आम्ही रजिस्टर पत्र सात दिवस ठेवायचो आणि परत पाठवायचो. पण घरात माझं खातं चालत नाही. तक्त्यावर पेन्सिलीने आकडे पडायला लागले. १, नकार. २, नकार, झबल्यावर. ३, नकार, आजीच्या साडीवर. याचा डाग आधी दिसतच नाही, धुतल्यावर तपकिरी होऊन उगवतो, हे साडीच्या वेळी कळलं. ४, दोन मिनिटं तोंडात ठेवून नकार. मला जरा आशा वाटली होती. पाचच्या आणि सहाच्या नोंदी वाचण्यालायक नाहीत. आणि या सगळ्या काळात नाचणीचं सत्त्व वाटीभर, न सांडता, रोज. ही काही बोलायची नाही. रिकामी वाटी घेऊन फक्त माझ्या समोरून जायची.

याच दिवसांत मुलाने एका स्टिकरवरचं नाव दाखवलं. हास. "बाबा, हा कोण माहितेय? कॅलिफोर्नियातला पोस्टमन." मी पेपर खाली ठेवला. रुडॉल्फ हास. १९२६ च्या सुमारास त्याने बी लावलं, त्यावर चांगल्या जातीचं कलम करायला गेला, ते काही धरेना. झाड तोडायच्या बेतात होता. पण त्याच्या मुलांना त्याच रोपाची फळं आवडली म्हणून ते राहिलं, असं सांगतात. १९३५ मध्ये त्याने झाडाचं पेटंट घेतलं. आज जगात विकले जाणारे बहुतेक ॲव्होकाडो त्या एका झाडाच्या कलमांचे, आणि त्याला मिळाले सगळे मिळून पाचेक हजार डॉलर. तो आपला टपालच वाटत राहिला. मूळ झाड मेलं २००२ साली.

हे ऐकल्यावर माझा रागच गेला. बिचाऱ्याने उन्हातान्हात बटवडा करून घरी येऊन झाडाला पाणी घातलं असेल, आणि इकडे मी त्याला महिनाभर शिव्या देतोय! खात्याचा माणूस म्हणून एक जबाबदारी वाटली. मी आणखी दोन आणले. ही म्हणाली, "आता पोस्टाची युनियन करा."

परवाची गोष्ट. सकाळी सात. मुलगा-सून लोकल पकडायला गेलेले, ही गणपतीच्या देवळात. ठमी माझ्या मांडीवर, मी आंघोळ करून पांढरा सदरा घातलेला. सहज डब्यात हात घातला, अंगठा लावला आणि कळलं, हाच तो क्षण. एका हाताने पोर सांभाळत दुसऱ्या हाताने सुरी फिरवली. एक डाग नाही, एक दोरा नाही. बघावं म्हणून बोटभर काढून मी तोंडाकडे नेत होतो, तर वाटेत दोन हातांनी माझं बोट धरलं गेलं आणि गायब झालं. मी परत बोट बुडवलं. परत गायब. जीभ बाहेर आली ती फक्त ओठ चाटायला. चांगला दोन-तीन चमचे तरी खाल्ला असेल. मग समाधानाने तिने पोपटी पंजा माझ्या सदऱ्यावर, खिशाच्या बरोबर वर, ठेवला.

मनिऑर्डरीला सही न येणाऱ्यांचा अंगठा घ्यायचो, त्याची आठवण झाली. त्याला शेजारी साक्षीदाराची सही लागायची. इथे साक्षीदार देवळात.

संध्याकाळी सगळे जमले. उरलेला अर्धा फ्रिजमध्ये झाकून ठेवला होता, तो मी थाटात काढला, नवा कुस्करला. चमचा तोंडात गेला. ठमीने घड्याळाकडे पाहिलं. जीभ बाहेर.

"सदरा बघा ना," मी म्हटलं. "पाची बोटं उठलीत."

"तो मी दुपारीच भिजवला," ही म्हणाली.

मृण्मयी फ्रिजपाशी गेली, पेन्सिल घेतली, जरा विचार केला आणि लिहिलं: ९, आजोबा म्हणतात खाल्लं.