को-बो, काका आणि चाकांची एक जोडी

परवा शनिवारी एका चर्चच्या हॉलमधल्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात माइकवरून अनाउन्समेंट झाली की चहाच्या काउंटरशेजारच्या लेआउटवरच्या, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेवरच्या, इंजिनाची चाकं पडली आहेत, सगळ्यांनी कृपया खाली बघून चालावं आणि कुणाला सापडलीच तर तिथल्या गृहस्थांकडे आणून द्यावी. ते गृहस्थ म्हणजे मी. आणि चाकं पडलेली नव्हती. हे इथे आधीच सांगून टाकतो, कारण तिथे कुणी ऐकून घेतलं नाही.

इकडे इंग्लंडात, लँकेशरमध्ये, थंडी सुरू झाली की गावोगावी मॉडेल रेल्वेची प्रदर्शनं लागतात, मी माझा लेआउट गाडीत कोंबून जातो, बायको डिकी बंद करेपर्यंत सोबत असते, पुढचं माझं मी. माझा विषय ब्रिटिश रेल्वेची सुरुवातीची डिझेल इंजिनं. १९५५ ला यांनी मॉडर्नायझेशन प्लॅन काढला, वाफेची इंजिनं घालवायची ठरवली, आणि ट्रायल म्हणून १७४ डिझेल इंजिनांची ऑर्डर दिली, तीही एकाला नाही, जो कारखाना समोर आला त्याला थोडी थोडी. तीन वर्षं चालवून बघू आणि मग ठरवू असं म्हणाले होते. तेवढा धीर कुणाला? ट्रायल पुरती व्हायच्या आत शेकड्याने पुढच्या ऑर्डरी गेल्या. त्या गोंधळातून जी एकेक ध्यानं निघाली त्यातलं माझं लाडकं ध्यान म्हणजे मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं को-बो.

को-बो म्हणजे एका टोकाला तीन जोड्या चाकं आणि दुसऱ्या टोकाला दोन. वजन ९७ टन, जड बाजूला तीन ॲक्सल, हलक्या बाजूला दोन. ब्रिटनमध्ये असं दुसरं मेनलाइन इंजिन नाही. एकूण २० बनवली. आत क्रॉसलीचं १२०० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, ते धूर एवढा ओकायचं की मॉडेलच्या टपावर मी काळी पावडर जुन्या टूथब्रशने घासघासून बसवलीये तरी ती कमीच वाटते. ड्रायव्हरसमोरच्या काचा चालत्या गाडीत निखळायच्या. दोन-दोन जोडून लंडनच्या हेंडनहून ग्लासगोला रात्रीची कॉन्डॉर मालगाडी ओढायला लावली होती १९५९ मध्ये, त्यात ती वरचेवर बंद पडायची. १९६८ ला कारभार आटोपला.

तर हे इंजिन माझ्या लेआउटवर छान फिरत होतं. तेवढ्यात काका आले. सत्तरीचे असतील, फ्लीसच्या जाकिटावर वीसेक बिल्ले, गळ्यात दोरीला टॉर्च. वाकले. इंजिन समोरून गेलं तसं बोटाने मोजलं, "तीन." मग पुढे, "दोन." एक फेरी थांबून परत मोजलं. मग माझ्या जवळ येऊन, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात म्हणाले, "एक जोडी कमी आहे तुमची."

म्हटलं, "नाही हो, को-बो आहे. असंच असतं."

"कधीपासून?"

"१९५८ पासून."

"आणि तुमच्या आत्ता लक्षात येतंय?"

म्हटलं, "अहो पडलेली नाही, बनवलंच तसं."

"कुणी?"

"मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सनी."

"त्यांना कळवलंत का?"

ती कंपनी आता या नावाने उरली नाही हे सांगितल्यावर त्यांनी अशी मान हलवली की जणू याच कारणाने बुडाली असावी. मग मी फोनवर खऱ्या इंजिनाचा फोटो शोधून दाखवला. वीसातलं एकच उरलंय, डी ५७०५, बाकीची भंगारात गेली. ते उरलं तेही कौतुकाने नाही, आधी रेल्वेच्या संशोधन विभागाने वापरलं आणि मग ब्रिस्टलला उभे डबे गरम ठेवायला ठेवलं. इंजिनाचा बंब झाला म्हणून जीव वाचला. काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर केला, खाली केला.

"याचंही पडलंय," म्हणाले.

आता यावर काय बोलणार. त्यांचा मेव्हणा म्हणे रेल्वेत होता. कुठल्या खात्यात विचारलं तर कँटीन. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मला या देशात दर प्रदर्शनात एकदा तरी येतोच: "तुमच्यासोबत यातलं कळणारं कुणी आहे का?" इतक्या प्रेमाने विचारतात ना, रागवायचीही सोय नाही. दुसरे असतात ते म्हणतात तुमच्याकडे दार्जिलिंगची एवढी सुंदर गाडी असताना हे कशाला? अरे, मी कल्याणचा. लहानपणी स्टेशनात उभा राहून खेकडा इंजिन बघितलंय, आपलं जुनं विजेवरचं, आणि त्या खेकड्याची विजेची सगळी सामग्री याच मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची होती, मँचेस्टरची. हे सांगायला मी तोंड उघडतो, तोवर ते वाफेच्या आठवणी सांगायला लागलेले असतात. मलाच सांगतात सगळे. विचारत कुणी नाही.

काका तोवर टेबलाखाली शिरले होते. टॉर्च लावून. त्यांची पाठ लेआउटच्या पायाला लागली आणि वरची अख्खी कॉन्डॉर रुळावरून घसरली. मी डबे लावत बसलो आणि ते रिकाम्या हाताने बाहेर येऊन थेट आयोजकांच्या टेबलाकडे गेले. पुढे ती अनाउन्समेंट.

बरं, एवढी चाकांची काळजी, तर मूळ दुखणं कुणाला दिसत नाही. ब्रिटिश ओओ मॉडेल, म्हणजे इथल्या बहुतेकांची नेहमीची साइज, बनतं फुटाला ४ मिलिमीटर या मापात, पण रूळ असतात १६.५ मिलिमीटरचे, जे साडेतीन मिलिमीटरच्या मापाला बरोबर. का, तर यांची खरी इंजिनंच अंगाने बारीक, छोट्या मापात त्या काळच्या विजेच्या मोटारी मॉडेलच्या आत मावेनात, म्हणून वरचा सांगाडा वाढवला आणि रूळ तसेच ठेवले. हिशेबाने दोन रुळांत ४ फूट साडेआठ इंच हवेत, भरतात ४ फूट दीड इंच. सात इंच गायब! हॉलमधल्या बहुतेक लेआउटांवर! त्याची अनाउन्समेंट करा की. पण नाही, सगळ्यांचंच चुकलं की ते स्टँडर्ड होतं, आणि माझ्या एकट्याचं बरोबर असलं तरी लोक जमिनीवर शोधतात.

दुपारभर पोरं चाकं आणून देत होती. एकाने वाघिणीचं आणलं, ते शेजारच्या लेआउटवाल्याचं निघालं आणि त्याने माझ्याकडे बघितलं ते विसरणार नाही. एका मुलीने कोटाचं बटण आणलं. तिची आजी म्हणाली, "थँक यू म्हणा ना तिला." म्हटलं थँक यू.

चारला, मी आवरायला घेतलं तर काका हजर. सेकंडहँड स्टॉलवरून चाकांची एक जोडी विकत घेऊन आले होते, डब्याची. लावा म्हणाले. काका जागचे हलेचनात. मागे चारपाच माणसं जमलेली. शेवटी मी ती जोडी कॉन्डॉरच्या एका उघड्या वाघिणीत ठेवली आणि गाडी सोडली. काकांनी दोन फेऱ्या कान देऊन ऐकल्या.

"आता आवाजात फरक पडला बघा," म्हणाले. "साडेचार पौंड झाले."

माझ्याकडे सुटे नव्हते, पाचची नोट दिली. ती घडी करून खिशात टाकली आणि वरचे पन्नास पेन्स टॉर्चच्या सेलचे म्हणाले.