मोटार बंद पडते तेव्हा

दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, आमच्या गावात माझ्या भाचीचा सिनेमा दाखवला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पांढरं कापड ताणलं होतं आणि ब्रह्मपुरीहून प्रोजेक्टर भाड्यानं आणला होता. सिनेमा बावन्न मिनिटांचा, तीन पोरींनी मिळून मोबाईलवर काढलेला. आधी दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य झालं, मग हा. तो संपायच्या आतच गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे सुरू झालं ते तीन आठवडे झाले तरी थांबलेलं नाही. "गावाची बदनामी केली." "पोरींनी पोरींसारखं काही काढावं, हे भीतीचं, खुनाचं काहून काढलं?" "हे बाहेरचं फॅड आहे, आपल्या मातीत असलं काही नाही." यातलं पहिलं वाक्य माझ्या सख्ख्या दादाचं, म्हणजे त्या पोरीच्या बापाचं.

मी ते इंग्लंडात, लीड्सला, हॉस्पिटलच्या वॉर्डच्या स्टाफरूममध्ये वाचलं, पहाटे तीनच्या ब्रेकला. डबा मायक्रोवेव्हमध्येच राहिला.

गोष्ट थोडक्यात अशी. एक विधवा आहे, तिची तीन एकर उन्हाळी धानाची बांधी. शेतीची लाईन आमच्याकडे एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की ती टॉर्च घेऊन विहिरीवर जाते, मोटार सुरू करते, धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं पाणी फिरवते. अर्ध्या तासानं मोटार बंद पडते. ती परत येते, हिरवं बटन दाबते, मोटार चालू होते. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री फ्यूज काढून पेटीवर नीट ठेवलेला असतो. दिवसा दीर येतो, शेजारी येतो, सातबारा काढायला गेली तर तलाठीही प्रेमानं बोलतो, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: बाईमाणसाला रात्रीचं पाणी होत नाही, शेत ठेक्यानं देऊन टाका. मोटार कोण बंद करतं ते शेवटी कळतं. ते मी इथं सांगणार नाही.

भाचीनं शूटिंगच्या वेळी मला व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट ऐकवली होती. चालू मोटारीचा आवाज इतका सतत असतो की थोड्या वेळानं तो कानाला लागतच नाही. तो थांबला की मग बेडूक ऐकू येतात, पाटातलं पाणी ऐकू येतं, आपला श्वास ऐकू येतो. "आत्या, म्युझिक लावाचंच नाही," ती म्हणाली. "मोटार बंद झाली का लोकं आपोआप भेतात." दुसरा फोन दुपट्ट्यात गुंडाळून तिनं तो आवाज विहिरीजवळ अकरा रात्री रेकॉर्ड केला. उजेडाला मोटारसायकलचा हेडलाईट आणि त्यापुढे धरलेली चादर. आणि तिघींनी आपसात एक नियम ठरवला होता: झुडपातून, धुऱ्यापलीकडून त्या बाईवर नजर ठेवणारा एकही शॉट घ्यायचा नाही. पाहणाऱ्याला तिला दिसतं तेवढंच दिसेल, टॉर्चच्या उजेडाएवढं.

सिनेमा शिकवणाऱ्या कुठल्याही शाळेत न गेलेल्या पोरींना हे सुचलं. आपण आजवर जे थरारपट पाहिले त्यात कॅमेरा बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या खांद्यावर बसलेला असतो. बाई पुढे चालते आणि आपण तिच्या मागून, झाडाआडून तिला पाहतो. भीती तिची असते, नजर त्याची. ती नजर काढून टाकली म्हणून गावातल्या पुरुषांना सिनेमा टोचला, असं माझं स्पष्ट मत आहे. खुनानं टोचला असता तर त्यांनी नाटकं कधीच बंद पाडली असती.

कारण "आपल्या मातीत नाही" हे कोण म्हणतंय? ज्यांच्या मातीत वडसा आहे ते! दिवाळी ते होळी वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आटोपला की रात्री नाटक. आम्ही पोत्यावर बसून, एका शालीत तिघीतिघी, पहाटेपर्यंत पाहायचो. लाल लाईटमध्ये खलनायक यायचा, बंदुकीचा बार व्हायचा, शेवटच्या अंकात मुडदा पडायचा. आमच्या झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याचे, नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा याच ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता, आणि तो योग्यच होता. झाडीपट्टीची रंगभूमी मी इथल्या मैत्रिणींना अभिमानानं सांगते. पण त्या सगळ्या थरारात बाईच्या वाट्याला रडणं यायचं नाहीतर मरणं. एकेकाळी तर बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचे.

आणि भीती म्हणाल, तर ती आमच्या बायांना कुणी परदेशातून पार्सलनं पाठवलेली नाही. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी बाई वाकून वेचते आणि दर दोन मिनिटांनी मान वर करून जंगलाकडे पाहते. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघानं बाया नेल्यात, हे तिला माहीत असतं. वाघ दिसला की ग्रुपवर लगेच खबर: कुठल्या बोडीजवळ, किती वाजता, कोणीकडे गेला. तेव्हा कोणी गावाची बदनामी झाली म्हणत नाही. मोटार बंद करणाऱ्या माणसाची खबर मात्र ग्रुपवर कधीच येत नाही.

मग मी पण लिहीत सुटले. लंडनमध्ये जन्मलेल्या आयडा लुपिनोनं अमेरिकेत स्वतःच्या छोट्या कंपनीतून १९५० मध्ये बलात्कारानंतरच्या बाईच्या धास्तीवर सिनेमा काढला. १९५३ मध्ये तिनं 'द हिच-हायकर' केला: लिफ्ट मागून गाडीत बसलेला खुनी आणि त्याच्या बंदुकीपुढे गप्प झालेले दोन पुरुष. सत्तर वर्षांहून जास्त झाली, फॅड एवढं टिकतं का? रीमा दासनं आसाममधल्या आपल्याच गावात स्वतः कॅमेरा धरला, स्वतः एडिटिंग केलं, आणि २०१८ मध्ये भारतानं तिचा सिनेमा ऑस्करला पाठवला. तो थ्रिलर नव्हता, पण आमच्या पोरींना हिंमत तिथून मिळाली.

आणि 'संतोष'. संध्या सुरींचा. नवरा गेल्यावर त्याच्या जागी कॉन्स्टेबल झालेली विधवा एका दलित मुलीच्या खुनाचा तपास करते. मार्च २०२५ मध्ये तो इथं लागला तेव्हा मी शिफ्ट बदलून घेतली आणि एकटीच जाऊन पाहून आले. ब्रिटननं हा हिंदी सिनेमा आपला म्हणून ऑस्करला पाठवला. आपल्याकडे सेन्सॉर बोर्डानं इतके कट सांगितले की तो थिएटरात लागलाच नाही. मी ग्रुपवर लिहिलं, "आमच्या इथं असे सिनेमे देशाचे म्हणून मिरवतात, तुम्ही एका पोरीच्या मागं लागले."

खाली गावातल्या एका काकांनी विचारलं, "आमच्या इथं म्हणजे कोठी बाई?"

मी उत्तर दिलं नाही. मला राग आला होता, आणि राग खरा होता. बावीस वर्षं लीड्समध्ये टॅक्स भरते, इथल्या म्हाताऱ्यांचे पाय धुतले, दोन पोरं इथंच मोठी केली. पण तो प्रश्न घरी येईपर्यंत बसमध्ये माझ्या शेजारी बसून होता.

कारण "आमच्या इथं" लिहिताना मी एक गोष्ट सोयीनं गाळली होती. १९७५ ते १९८० या काळात उत्तर इंग्लंडात एका माणसानं तेरा बाया मारल्या, त्यातल्या बऱ्याच या लीड्समध्ये. तो मोकळा फिरत होता आणि रात्री घराबाहेर पडू नका, असं बायांना सांगितलं गेलं. नोव्हेंबर १९७७ मध्ये लीड्सच्या बाया रात्री रस्त्यावर उतरल्या: रात्र आमची आहे, परत द्या. १९८० च्या अखेरीला आणखी एक मुलगी मारली गेली तेव्हा शहरातल्या थिएटरात बायकांना मारण्याचाच एक थरारपट चालू होता, आणि बाया त्या थिएटरवर चालून गेल्या. म्हणजे झुडपातून पाहणाऱ्या त्या नजरेविरुद्ध या शहरात उघड भांडण झालेलं आहे. आजही नाईट संपवून बसस्टॉपपर्यंत जाताना माझी किल्ली मुठीत, टोक बाहेर काढलेली असते. हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

याच विषयावर इथल्या लायब्ररीत काही वर्षांपूर्वी एक कार्यक्रम होता. बोलणारी बाई इंग्लंडवरून भारतावर आली आणि म्हणाली, देसाईगंज पोलीस स्टेशन, १९७२. मी खुर्चीत ताठ झाले. देसाईगंज म्हणजे आमचं वडसा. नदी ओलांडली की वडसा. चप्पल घ्यायला वडसा, नाटक ठरवायला वडसा. त्या पोलीस स्टेशनात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये सोडलं, अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही म्हणून. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ८ मार्च १९८० ला देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मुलीच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणून वकिलीच्या पोरांना ते शिकवतात. आणि नदीच्या अलीकडे वाढलेल्या मला ते आयुष्यात पहिल्यांदा लीड्समध्ये, एका गोऱ्या बाईच्या तोंडून कळलं. आमच्या घरात, शाळेत, मंडईत, कोणाच्याही ओठावर ते कधी आलं नाही. गावाची बदनामी होऊ नये म्हणून किती मोठी गोष्ट किती लोकांनी गिळली असेल! कार्यक्रमानंतर, मी तिथलीच आहे, हे सांगायला माझाही हात वर गेला नाही.

म्हणून या पोरींचा सिनेमा मला इतका महत्त्वाचा वाटतो. नागपूर-पुण्याहून कोणी कॅमेरा घेऊन येणार, आमच्याकडचे दोन रडके चेहरे आणि एक भेगाळलेली जमीन टिपून नेणार, यावर आम्ही खूश होतो. विदर्भ म्हटला की फास आणि फासाखाली बसलेली बायको. त्या बायकोचं पुढं काय होतं, रात्रीचं पाणी कोण देतं, मोटार कोण बंद करतं, हे सांगायला तिच्याच बांधीतली पोरगी लागते.

हे सगळं मी दादाला ग्रुपवर लिहिलं. मथुरा प्रकरणासकट. दादानं दोन ओळींत उत्तर दिलं.

"काकूच्या दोन एकरावर तू नर्स झाली. हे पण टाक म्हणा सिनेमात."

तीन दिवस मी फोन उघडला नाही.

१९९५ मध्ये काका तापानं गेले. काकूला मूलबाळ नव्हतं. तेरवी झाल्यावर महिनाभरानं कागद आला. ओसरीवर बाबा, दोन पंच, आणि शाईची डबी. मी तिथंच तांदूळ निवडत होते, अठरा वर्षांची. काकूनं काही विचारलं नाही, तिला कोणी काही सांगितलंही नाही. अंगठा लावला आणि शाई दाराच्या चौकटीला पुसली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वाट्याचे दोन एकर विकले आणि त्यातून नागपूरला माझी फी भरली. तो निळा डाग चौकटीवर घर रंगवेपर्यंत होता. सुट्टीत आले की मी त्या दारातून जाताना दुसऱ्या बाजूला पाहायची.

भाचीनं मला यातलं काही विचारलं नव्हतं. तिला काकूनंच सांगितलं असणार. एप्रिलात पोरींनी पैसे मागितले तेव्हा मी वीस हजार पाठवले आणि म्हटलं, नाव टाकू नको गं, इथं नोकरीचा प्रश्न येतो. नोकरीचा कसला प्रश्न आलाय! मला दादाची भीती होती, आणि त्या चौकटीची.

मंडईच्या रात्री काकू पहिल्या रांगेत बसली होती, सतरंजीवर, गुडघे पोटाशी घेऊन. आता सत्तरीला आली. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून पाहत होत्या, काकू नुसती पाहत होती. सिनेमा संपल्यावर भाची भीत-भीत तिच्याजवळ गेली. काकू म्हणाली, "चांगला केला. पण एक चुकलं. मोटर बंद झाली त पयले पेटीकडे नाई पाहाचं. पयले मांगं पाहाचं."

पोरी तो सीन परत काढणार आहेत, रात्रीची लाईन आली की. काकू स्वतः धुऱ्यावर उभी राहून दाखवणार आहे, मान कशी वळते ते.

दादाला मी उत्तर दिलं. "खरं आहे," एवढंच लिहिलं. तेही सगळ्या ग्रुपपुढे. त्यावर अजून कोणी काही बोललं नाही.

डिसेंबरात पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. नागपूरहून टॅक्सीनं गावात शिरल्यावर आधी दादाचं दार लागतं, मग गल्लीच्या टोकाला काकूची खोली. बॅग कोणत्या दारात उतरवायची ते अजून ठरत नाही. परवा भाचीला फोन केला आणि म्हटलं, नवीन सीन लावशील तेव्हा पाटीही बदल, निर्माती म्हणून काकूचं नाव टाक. माझे वीस हजार तिच्याच शेताचे आहेत.

ती थोडा वेळ गप्प होती. मागं कुठंतरी मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"आजीले विचारून सांगतो, आत्या," म्हणाली. अजून तिचा फोन आला नाही.