‘व्हार्फ’ हे आद्याक्षरांचं लघुरूप नाही

‘व्हार्फ म्हणजे वेअर हाऊस ॲट रिव्हर फ्रंट. नदीकाठच्या गोदामांवर ही आद्याक्षरं लिहिलेली असत, त्यातून शब्द तयार झाला.’ इंग्रजी शब्दांच्या गमती सांगणाऱ्या संदेशांतून हा दावा सतत फिरतो. तो साफ चुकीचा आहे. व्हार्फ (wharf) म्हणजे जहाज लावायचा धक्का.

आधी अक्षरं पाहू. सगळा डोलारा डब्ल्यूनंतर एच येतो यावर उभा आहे. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ह्वेआर्फ’ होता आणि लिहिताना एच आधी, डब्ल्यू नंतर यायचा. ‘व्हॉट’, ‘व्हाइट’, ‘व्हेल’ यांचंही तसंच होतं. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात लेखनिकांनी ही जोडी उलटी लिहायला सुरुवात केली. म्हणजे दाव्याला हवा असलेला क्रम मुळात नव्हताच. शिवाय वेअरहाऊस हा एकच जोडशब्द आहे, त्याचं आद्याक्षरही एकच. एच मिळावा म्हणून तो मुद्दाम फोडला आहे. आणि तो लिखाणात दिसतो चौदाव्या शतकापासून. धक्क्याचा शब्द त्याहून जुना आहे. धाकट्या शब्दातून थोरला जन्मेल कसा?

आद्याक्षरं जोडून उच्चारायचे शब्द बनवण्याची चाल इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात. असा बनलेला ‘रडार’ १९४०च्या सुमाराचा, व्हार्फ त्याच्या कितीतरी आधीचा.

भावंडं पाहिली तर उरलीसुरली शंकाही जाते. डच भाषेत ‘वेर्फ’ आणि जर्मनमध्ये ‘वेर्फ्ट’ म्हणजे जहाजबांधणीची जागा. इंग्रजी शब्दसमूहाचं लघुरूप या भाषांत जुन्या काळापासून असणं शक्य नाही.

‘नदीकाठचं गोदाम’ हा अर्थही टिकत नाही. व्हार्फ म्हणजे जहाज लावून माल चढवायचा-उतरवायचा धक्का, मग तो नदीवर असो वा समुद्रावर. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये तर पाताळातल्या लीथी नदीच्या काठालाच हा शब्द वापरला आहे, तिथे गोदाम कुठलं? धक्क्यामागे गोदाम बहुधा असतं, त्यामुळे दावा खरा वाटतो एवढंच. बांधकामाच्या दृष्टीने व्हार्फ साधारणपणे किनाऱ्याला समांतर असतो, पुष्कळदा खांबांवर उभा. पिअर किनाऱ्यापासून पाण्यात पुढे जातो. ‘की’ (quay) ही बहुधा मागे भराव घातलेली भरीव भिंत असते. बोलण्यात मात्र ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

असा दावा पुन्हा दिसला तर व्युत्पत्ती देणाऱ्या शब्दकोशात तीन गोष्टी पाहाव्यात: सर्वांत जुनी नोंद कधीची, तेव्हाचं स्पेलिंग काय, शेजारच्या भाषांत नातलग शब्द आहेत का. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना जहाजाची डावी बाजू, येताना उजवी) हा जहाजांचाच दुसरा लोकप्रिय दावाही पुराव्याअभावी असाच गळतो.